मोबदल्यावांचून दिलेलें वचन

कागद झाला, सही झाली, खालीं दोन साक्षीदारांचीं नांवें पडलीं, म्हणजे करार पक्का झाला, अशी आपल्या बहुतेक शेतकरी बंधूंची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. सही खरी, साक्षीदार खरे, मजकूर खरा, आणि तरीहि कागद निरुपयोगी, असा अनुभव दिवाणी कोर्टाची पायरी चढल्यावर पुष्कळांस येतो. अशा वेळीं न्यायाधीश एकच प्रश्न पुसतात : हें वचन देणाऱ्यानें कशाच्या बदल्यांत दिलें? या ‘बदल्यांत’ मिळणाऱ्या वस्तूस कायद्यांत मोबदला अथवा प्रतिफल म्हणतात. हा नियम कोठून आला, त्यास अपवाद कोणते, आणि वारणा व पंचगंगा यांच्या दुआबांतील आपल्या हातकणंगले तालुक्याच्या रोजच्या देण्याघेण्याशीं त्याचा संबंध काय, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

नियमाचा उगम

सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील राजाच्या न्यायालयांपुढें वचनभंगाचे दावे मोठ्या संख्येनें येऊं लागले. माणूस आनंदाच्या, लोभाच्या किंवा भिडेच्या भरांत अनेक वचनें देतो. तीं सर्व सरकारनें पाळावयास लावावीं काय, असा पेंच तेथील न्यायाधीशांपुढें पडला. त्यांनीं तोड काढली ती अशी कीं, कांहीं घेऊन दिलेलें वचन असेल तेंच न्यायालय पाळावयास लावील. नुसत्या औदार्याचें वचन देणाऱ्याच्या मनावर सोपवावें. औदार्यानेंच बांधून घ्यावयाचें असेल त्यानें मोहोरेचा दस्त करावा. तशा दस्तास मोबदला लागत नसे. लॉर्ड मॅन्सफील्ड या प्रख्यात न्यायाधीशानें १७६५ सालीं असें मत दिलें कीं, व्यापारी व्यवहारांत वचन लेखी असलें म्हणजे निराळा मोबदला शोधण्याचें कारण नाहीं. तें मत टिकलें नाहीं. १७७८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें असें ठरलें कीं, केवळ लिहून दिल्यानें मोबदल्याची उणीव भरून निघत नाहीं. पुढें १८७५ च्या एका निकालांत मोबदल्याची व्याख्या झाली, ती अशी : एका पक्षास होणारा हक्क, हित किंवा लाभ, अथवा दुसऱ्या पक्षानें सोसलेला तोटा, पत्करलेली जबाबदारी, किंवा आपला हक्क बजावण्याचें टाळणें.

हाच नियम कांहीं फेरफारांसह १८७२ च्या करार कायद्यांत आला, आणि तो त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून ब्रिटिश मुलखांत अमलांत आला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज आळत्याच्या शेतकऱ्याचा करार व मुंबईच्या पेढीवाल्याचा करार एकाच कायद्याच्या तागडींत तोलला जातो. या कायद्याच्या कलम २ मध्यें मोबदल्याची व्याख्या आहे, आणि कलम २५ मध्यें असें सांगितलें आहे कीं, तेथें दिलेले अपवाद सोडून मोबदल्यावांचून केलेला करार रद्दबातल होय.

मोबदला कशास म्हणावें

मोबदला रोख पैशाचाच असावा असें नाहीं. मी आडसाली उसाचें बेणें देतों, तूं गाडीमागें अमुक रुपये दे, येथें बेणें हा पैशाचा व पैसा हा बेण्याचा मोबदला. दोघांनींहि अजून कांहीं दिलें नसलें तरी वचनास वचन हा मोबदला पुरेसा होतो. सावकारानें वर्षभर दावा न लावण्याचें कबूल केलें तर तें न करणें हाहि मोबदलाच.

मात्र जें कांहीं करावयाचें तें वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालें पाहिजे. १८८० सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयांत दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव हा खटला झाला. एका गृहस्थानें कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चानें बाजारपेठ बांधली. मागाहून तेथील दुकानदारांनीं विकलेल्या मालावर त्यास दलाली देण्याचें कबूल केलें, पण दिली नाहीं. न्यायालयानें दावा काढून टाकला. कारण पेठ कलेक्टरच्या इच्छेवरून बांधली होती, दुकानदारांच्या नव्हे. शेजाऱ्यानें आपण होऊन सामाईक पाणंदीवर मुरूम टाकला आणि पुढें तुम्हीं खर्चाचा वांटा कबूल केला, तर प्रश्न असाच उपस्थित होतो. तुम्हीं आधीं सांगितलें म्हणून त्यानें मुरूम टाकला असेल तर गोष्ट निराळी.

आपला कायदा इंग्लंडच्या कायद्याहून एका बाबतींत अधिक उदार आहे. तेथें वचन घेणाऱ्यानेंच मोबदला दिलेला असावा लागतो, असें १८६१ सालीं ठरलें. येथें तो ‘अन्य कोणीहि’ दिला तरी चालतो. मद्रासच्या १८८२ च्या चिन्नय्या विरुद्ध रामय्या या खटल्यांत आईनें मुलीस जमीन बक्षीस दिली आणि आपल्या भावंडास दरसाल नेमणूक देत जावी असें सांगितलें. मुलीनें तसा कबुलीचा लेखहि करून दिला, पण पुढें पैसे थांबविले. भावंडानें तिला कांहींच दिलेलें नव्हतें. तथापि आईनें जमीन दिली हा मोबदला पुरेसा मानून न्यायालयानें नेमणूक देवविली. बापानें थोरल्या मुलास मळा देतांना धाकट्यास दरसाल अमुक द्यावें असें ठरविलें, आणि थोरल्यानें तसें लिहून दिलें, तर तें लिखाण पोकळ नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

पूर्वींच बांधील असलेलें काम

जें करण्यास मनुष्य आधींच बांधलेला आहे, तेंच करण्याबद्दल अधिक रक्कम कबूल केली तर त्या अधिक रकमेस मोबदला नसतो. इंग्लंडांत १८०९ सालीं एका जहाजावरील दोन खलाशी पळून गेले. कप्तानानें उरलेल्यांस पळालेल्यांचा पगार वांटून देण्याचें कबूल केलें. बंदरास परतल्यावर तो मिळाला नाहीं, आणि न्यायालयानेंहि देवविला नाहीं, कारण जहाज परत आणण्यास ते मुळांतच बांधलेले होते. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानें १८७७ सालीं रामचंद्र चिंतामण विरुद्ध काळू राजू या खटल्यांत हेंच तत्त्व लाविलें. वकिलानें ठराविक फी घेऊन वकीलपत्र स्वीकारलें होतें. मागाहून पक्षकारानें खटला जिंकल्यास इनाम देण्याचें कबूल केलें. न्यायालय म्हणालें, वकीलपत्र घेतल्यापासून वकील आपली सर्व शक्ति वेंचण्यास बांधलेलाच होता. इनामाच्या वचनास मोबदला नाहीं.

आतां आपल्याकडील उदाहरण घ्या. गुऱ्हाळाच्या टोळीनें ठराविक दरानें अमुक एकरांचा ऊस तोडून गूळ करून देण्याचें शेतकऱ्याशीं ठरविलें. अर्धा फड तुटल्यावर टोळी बसून राहिली आणि शेतकऱ्यानें नाइलाजानें जास्त रक्कम कबूल केली. ठरलेलेंच काम असेल तर त्या जादा रकमेस मोबदला नाहीं. पण पाऊस पडून शेतांत चिखल झाला, उसाच्या मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत वाहाव्या लागल्या, आणि हें काम मूळ ठरावांत नव्हतें, तर नव्या कामास नवा मोबदला आहे व वचन बंधनकारक आहे. म्हणून आरंभींच काय काय काम करावयाचें तें लिहून ठेवावें.

वर्गणीचा आंकडा

गांवच्या शाळेसाठीं, तालमीसाठीं किंवा देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं वहींत आंकडा घातला, तर तो वसूल करतां येतो काय? १८८६ सालीं कलकत्त्यास केदारनाथ विरुद्ध गोरी महंमद हा निकाल झाला. हावड्यास नगरभवन बांधण्यासाठीं वर्गणी मांडली होती. प्रतिवादीनें शंभर रुपये घातले होते. वर्गणीवर विसंबून चालकांनीं कंत्राटदारास काम दिलें, म्हणून शंभर रुपये द्यावे लागले. उलट १९१४ सालीं अलाहाबादेस एका मशिदीच्या दुरुस्तीसाठीं पांचशे रुपयांचें वचन दिलेलें होतें, पण कामच सुरू झालें नव्हतें. तेथें दावा चालला नाहीं. म्हणजे तुमच्या शब्दावर विसंबून, तुमच्या इच्छेप्रमाणें, दुसऱ्यानें खर्च किंवा जबाबदारी पत्करली कीं वर्गणी हें ऋण होतें. तोंवर तो केवळ संकल्प असतो.

अपवाद

कलम २५ मधील तीन अपवाद आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाचे आहेत.

पहिला अपवाद जवळच्या नातलगांचा. नैसर्गिक प्रेमामुळें केलेला करार लेखी व नोंदलेला असेल तर त्यास मोबदला लागत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयापुढें १८९९ सालीं आलेला भिवा विरुद्ध शिवराम हा खटला प्रत्येक भाऊबंदांनीं वाचावा असा आहे. एका भावानें दुसऱ्यावर जमिनीच्या वांट्याचा दावा केला. प्रतिवादीनें जमीन वडिलोपार्जित नाहीं असें शपथेवर सांगितलें आणि दावा निकालांत निघाला. पुढें समेट व्हावा या इच्छेनें त्याच प्रतिवादीनें नोंदलेल्या लेखानें भावास निम्मी जमीन देण्याचें कबूल केलें, आणि नंतर तो फिरला. मोबदला नाहीं ही त्याची तक्रार न्यायालयानें ऐकली नाहीं. भावाशीं पुन्हा गोडी व्हावी म्हणून जमीन देण्यास जो तयार झाला, त्याच्या ठायीं नैसर्गिक प्रेम होतेंच, असें ठरलें. याच्या उलट १९०० सालीं कलकत्त्यास एका पतीनें पत्नीस पोटगी लिहून दिली, पण त्या नोंदलेल्या लेखांतच दोघांच्या भांडणांची हकीगत होती. तेथें प्रेम दिसत नाहीं म्हणून करार टिकला नाहीं. दोन्ही दस्त नोंदलेले, नातें दोन्हींत जवळचें. फरक पडला तो प्रेमाच्या पुराव्यानें. म्हणून लेखांत हेतु स्पष्ट घालावा.

दुसरा अपवाद आपण होऊन केलेल्या साह्याचा. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत आपल्या नदीकांठच्या गांवांतून अनेकांनीं न सांगतां शेजाऱ्यांचीं जनावरें सोडवून उंचावर नेलीं व त्यांस चारा घातला. अशा साह्याबद्दल जनावरांच्या मालकानें मागाहून भरपाई कबूल केली, तर ती बंधनकारक आहे. साह्य घडून गेलें म्हणून तें वचन पोकळ ठरत नाहीं.

तिसरा अपवाद मुदतबाह्य कर्जाचा. उसनवारीच्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. मुदत उलटल्यावर ऋणकोनें रक्कम देण्याचें वचन लेखी व सहीनिशीं दिलें, तर त्या वचनास नवा मोबदला लागत नाहीं. येथें सावध राहावें. मुदतीच्या आंत कर्ज केवळ मान्य केलें तरी मुदत नव्यानें सुरू होते. मुदत उलटल्यावर मात्र नुसती मान्यता पुरत नाहीं, ‘देईन’ असें वचन पाहिजे. म्हणून जुन्या बाकीचा नवा कागद कोणी पुढें केला तर सही करण्यापूर्वीं आधींच्या कागदाची तारीख पाहावी. त्या एका सहीनें संपलेला हक्क पुन्हा उभा राहतो.

सूट, जामीन आणि अपुरा मोबदला

इंग्लंडांत १६०२ पासून असा नियम आहे कीं, थोडी रक्कम घेऊन जास्त रकमेची फेड होत नाहीं. घोडा, ससाणा किंवा झगा घेऊन मात्र होते, कारण वस्तु निराळी आहे. १८८४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तोच नियम कायम केला : हप्ते घेऊन दावा न करण्याचें वचन देणाऱ्या धनकोबाईस पुढें व्याज मागण्याचा हक्क राहिला. आपल्या कायद्याचें कलम ६३ याहून सोपें आहे. धनको आपखुशीनें पूर्ण किंवा अंशतः सूट देऊं शकतो, मुदत वाढवूं शकतो, थोड्या रकमेवर पूर्ण फेड मानूं शकतो. त्यास मोबदला लागत नाहीं. तथापि सूट मिळाल्याचा पुरावा ऋणकोनेंच द्यावयाचा असतो. याकरितां पावतीवर ‘पूर्ण फेड, बाकी नाहीं’ हे शब्द घेतल्याशिवाय उठूं नये.

जामिनाविषयीं कलम १२७ पाहावें. माल उधार देतेवेळीं किंवा कर्ज देतेवेळीं जामीन घेतला, तर कर्जदारास मिळालेला लाभ हाच जामिनाच्या वचनाचा मोबदला. कर्ज दिल्यावर, धनकोनें दावा थांबविण्याचें कबूल केलें म्हणून जामीन राहिला, तरीहि वचन पक्कें. पण पूर्वींच्या व्यवहाराबद्दल, कांहींहि सवलत न मिळतां, मागाहून कोणी जामीन झाला, तर तें वचन रद्दबातल, असें कायद्यांतील उदाहरणच सांगतें.

मोबदला पुरेसा असावा अशी मात्र कायद्याची अट नाहीं. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांस विकण्याचें कोणी आपखुशीनें कबूल केलें तर तो करारच होय, असें कायद्यांतच उदाहरण आहे. पण संमति खुशीची होती कीं नाहीं हा वाद निघाल्यास, किंमत इतकी कमी कां, हें न्यायालय विचारांत घेतें.

खरेदीखत आणि हक्कसोडपत्र

या नियमाची खरी कसोटी जमिनीच्या व्यवहारांत लागते. कर्जरोख्यांत शंभर लिहावे व हातीं साठ द्यावे, ही रीत जुनी. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्याचा जो कायदा झाला, त्यांत कागदावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला होता. तो कायदा आज नाहीं. पण महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्यानें कर्जापोटीं लिहून घेतलेल्या खरेदीखताची चौकशी करून जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास दिला आहे. शिवाय, लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा एरवीं चालत नसला, तरी मोबदला मिळालाच नाहीं हें दाखविण्यास तशी आडकाठी नाहीं.

येथें एक सूक्ष्म भेद ध्यानीं ठेवावा. सर्वोच्च न्यायालयानें विद्याधर विरुद्ध माणिकराव या महाराष्ट्रांतील खटल्यांत १९९९ सालीं सांगितलें कीं, पूर्ण किंमत पोंचली नसली तरी, उभयतांचा तसा हेतु असल्यास, नोंदलेल्या खरेदीखतानें मालकी जाते. मग विकणाऱ्याच्या हातीं किंमत वसूल करण्याचा दावा तेवढा उरतो. उलट २०२१ च्या केवल कृष्ण विरुद्ध राजेश कुमार या निकालानुसार, किंमत दिलीहि नाहीं व पुढें देण्याचें ठरलेंहि नाहीं, असें खरेदीखत मुळींच विक्री नव्हे. तेव्हां ‘रक्कम भरून पावलों, तक्रार नाहीं’ हें वाक्य रक्कम हातीं आल्यावांचून लिहूं देऊं नये. बाकी राहिली असेल तर किती व केव्हां मिळावयाची तें दस्तांतच घालावें.

शेवटीं बहिणींचें हक्कसोडपत्र. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. हातकणंगल्याच्या दुय्यम निबंधक कचेरींत ‘विनामोबदला’ हक्क सोडणारी बहीण आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिली असेल. दस्त नोंदलेला असेल आणि बहिणीनें समजून उमजून सही केली असेल, तर मोबदला नाहीं एवढ्यावरून तो सहसा मोडत नाहीं. परंतु साध्या कागदावर घेतलेली ‘पुढें हक्क सोडीन’ अशी मोबदल्यावांचूनची कबुली कोर्टांत उभी राहत नाहीं. आणि भावानें त्या वेळीं ‘तुला अमुक देईन’ असें सांगितलें असेल, तर तें हक्क सोडण्याच्या बदल्यांतलें वचन होय, आणि तें द्यावेंच लागतें. तें दस्तांत न लिहितां ‘विनामोबदला’ लिहिणें म्हणजे बहिणीच्या हातचा पुरावा काढून घेणें होय. आणि पुढें बहिणीनें फसवणुकीची तक्रार केली, तर त्याच शब्दामुळें भावाचा दस्तहि संशयांत सांपडतो.

वकिलाकडे जाण्याचा प्रसंग आला तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांतच बसतें, ही सोय खरी. पण तेथवर जाण्याची वेळ न आलेली बरी. त्याकरितां सही करण्यापूर्वीं कागदांत तीन गोष्टी शोधाव्या : वचन कोणतें, त्याच्या बदल्यांत काय, आणि तें मिळालें कीं मिळावयाचें. तिहींपैकीं एकहि स्पष्ट नसेल, तर कागद तसाच परत द्यावा व नीट लिहून आणण्यास सांगावें.